सकाळी म्हणजे कधी?

माझं पहिलं वेबपान बघून बोरसेबाई म्हणाल्या, "छान आहे गं. फक्त पदर कुठाय याचा?"

मला आधी कळलंच नाही. त्याआधी मी सुरतेच्या कापड मार्केटमध्ये साड्यांच्या छापाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचे. काठ, बुट्टे, पदर यांत हात बसलेला. तिथून पर्वत पाटियाच्या या वेबसाइटवाल्या ऑफिसात आले म्हणून हात काय लगेच बदलतो? एका शाळेची वेबसाइट होती. मी वरखाली काठ घातला होता, मधे मोरपंखी रंगावर सोनेरी बुट्टे, आणि त्या बुट्ट्यांच्या गर्दीत कुठंतरी 'प्रवेश' असा शब्द. बाई चिडवतायत हे लक्षात आल्यावर माझं डोकं सणकलं. आम्ही परभणीचे. राग आला की तो पोटात ठेवायची पद्धत आमच्यात नाही. म्हटलं, "बाई, मेहनत केलीय मी. आधी चार जणांना दाखवा, मग बोला."

"चार कशाला? एकीला दाखवू की," म्हणत बाई जिन्यात गेल्या आणि वरच्या मजल्यावर साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईला हाताला धरून घेऊन आल्या. तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. "ताई, तुमच्या पोरीला या शाळेत घालायचंय असं समजा. अर्ज कुठून करायचा, तेवढं शोधून दाखवा."

ती शोधायला लागली. वर गेली, खाली गेली, परत वर आली. मला राहवेना. "अहो, ते तिकडं उजवीकडं..." एवढं म्हणते तोच बाईंनी माझ्याकडं डोळे वटारले आणि स्वतःचे दोन्ही ओठ बोटांच्या चिमटीत गच्च धरले. त्यांचा नियमच होता तो. कोणी पान बघत असेल तर पान करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बाईंना गप्प बसणं जन्मात जमत नसे, म्हणून त्या ओठ धरून ठेवत. शेवटी त्या घडीवाल्या ताईंनी पडद्यावरून कौतुकानं हात फिरवला आणि मला विचारलं, "डिझाइन लई भारी आहे. ही साडी कुठल्या मार्केटला मिळती?"

बाई हसून हसून लाल झाल्या. मग मीही हसले, दुसरं काय करणार! त्या दिवसापासून आमचं जमलं.

बोरसेबाई मूळच्या धुळ्याकडच्या. वडील ऊसतोडीला सुरतेजवळ चलथाणला आले आणि इकडचेच झाले. पुढं बाई लग्न होऊन कडोदऱ्याला गेल्या, नवरा लूम कारखान्यात. मराठी शाळेत शिकल्या, मग गुजराती आपोआप आली, हिंदी रस्त्यानं शिकवली, आणि घरात अहिराणी. आमच्या ऑफिसात त्या वेबसाइटवरचा मजकूर लिहायच्या. मालक भरतभाई त्यांना 'बोरसेबेन' म्हणायचे, बाकी सगळे 'बाई'. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पर्समध्ये कायम एक डबी मेतकूट. लोचोवर, म्हणजे सुरतेच्या त्या मऊ, मोकळ्या ढोकळ्यावर, मेतकूट घालून खाणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही. लोचोवाला आधी रागवायचा, पुढं पुढं त्याला सवय झाली.

त्या लिहायच्या कमी आणि बोलायच्या जास्त. म्हणजे लिहिलेलं सगळं मोठ्यानं बोलून बघायच्या, टेबलांच्या मधल्या बोळातून चालत. चालता चालता मधेच श्वास घ्यावा लागला की थांबून म्हणायच्या, "दम लागला. तोड." आणि ते वाक्य तिथं तुटायचं. मोठमोठ्या लोकांचे मजकूर यायचे, त्यात 'सदर', 'उपरोक्त', 'तरी कृपया' यांची नुसती जत्रा. बाई कागद लांब धरून म्हणायच्या, "हा सदर कोण गं? शेठचा भाऊ का?" कृपयावर तर त्यांचा विशेष राग. म्हणायच्या, "माणूस घाईत आलाय, आणि आपण दारात नमस्कार करत उभे. बाजूला हो, आत जाऊ दे त्याला."

बटणावर नुसतं 'सबमिट' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. "काय करतोय ते त्याला कळू दे की. 'अर्ज पाठवा' असं लिही." आणि 'येथे क्लिक करा' दिसलं की कपाळाला हात लावायच्या. "येथे म्हणजे कुठं? आणि का? दाबल्यावर काय होणार ते सांग ना बाई."

ऑफिसात एक जुना मोबाइल होता. काचेला तडा गेलेला, नेट लावलं की कण्हत कण्हत चालायचा. भरतभाईंनी तो दोनदा भंगारात काढला आणि दोन्हीदा बाईंनी परत आणला. त्याचं नाव त्यांनी 'साहेब' ठेवलं होतं. पान तयार झालं की म्हणायच्या, "चल, साहेबांची सही घेऊ." मग भर दुपारी गच्चीवर जायचं, उन्हात उभं राहायचं, चष्मा काढायचा, आणि त्या साहेबांवर पान उघडून बघायचं. फोटो जड असला की साहेब पांढरेफटक पडायचे. माझा फिका राखाडी रंग, ज्यावर मी फार खूश होते, तो उन्हात नाहीसाच झाला. मी म्हटलं, "बाई, ऑफिसात एसीत बसून किती छान दिसत होतं!" बाई म्हणाल्या, "हो, पण आपलं पान बघणारे एसीत नाहीत ना, रिक्षात आहेत." मी चरफडत खाली आले आणि अक्षरं काळी केली.

आता कोणी म्हणेल, बाई फार कडक. छे! गिऱ्हाइकाला गोड बोलून आपल्याला पाहिजे तिकडं नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक सुताचे व्यापारी आले. त्यांना वेबसाइट उघडल्या उघडल्या आपला फोटो पाहिजे होता, अख्ख्या पडद्यावर, हार घातलेला. भरतभाई मान डोलवत बसले, कारण गिऱ्हाईक मोठं. मी टेबलाखाली पाय आपटत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुमचा फोटो आपण फोन नंबरच्या शेजारी लावू या. माणूस फोन करायच्या आधी तुमचा चेहरा बघेल, त्याला भरोसा वाटेल. आणि हार काढू. हाराचा फोटो बघून लोकांना भलतंच वाटतं." शेठ एकदम दचकले. नंतर स्वतःच म्हणाले, "हां हां, हार तो निकालोच." वर भरतभाईंना सांगून गेले की ही बेन फार हुशार आहे.

पण मला बाईंबद्दल जे सांगायचंय ते दवाखान्याचं.

कडोदऱ्याजवळ एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे. मोतीबिंदूची शिबिरं घेतात. त्यांची वेबसाइट आमच्याकडं आली. कुणी यायचं, काय आणायचं, ऑपरेशनच्या आधी रक्तातली साखर तपासायला उपाशीपोटी कधी यायचं, असं सगळं त्यात. ट्रस्टचे कारभारी रमणकाका. माणूस सरळ, रोज स्वतः दवाखान्यात येऊन बसणारा. त्यांचं म्हणणं एवढंच, की गुजराती आणि हिंदी पुरे. "मराठीनी शी जरूर छे, बेन? बधाने गुजराती आवडे छे."

गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे येतं, जमतं. बाईंनी मुद्दाम मराठीतला अर्थ घेतला. म्हणाल्या, "आवडतं की काका, मलाही फार आवडतं. पण समजतं का, ते विचारा." रमणकाका हसले आणि हसण्यात 'हो' म्हणून गेले.

घरी जाताना जिन्यात बाई माझ्याशी वेगळंच बोलल्या. एरवी त्या स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत. "माझी माय आयुष्यभर दवाखान्यात गेली की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. कोणी सांगेल का, कोणी ओरडेल का. तिला वाचता येत होतं, मनीषा. पण तिच्यासाठी कुणी लिहिलेलंच नसायचं. मला एक तरी पान असं करायचंय, की माझ्या मायला कुणाला काही विचारावं लागलं नसतं."

ते मराठी पान बाईंनी किती वेळा लिहिलं असेल! साहेबांच्या सह्या घेऊन घेऊन माझे पाय दुखले. शेवटी ते वेबसाइटवर चढलं. सुंदर पान, स्वच्छ. मला स्वतःला अभिमान वाटला, आणि त्यात एकही बुट्टा नव्हता.

पहिल्याच शिबिरानंतर रमणकाकांचा फोन आला. भरतभाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. काका रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त वाईट. इंदूबाई नावाच्या एक आजी दुपारच्या उन्हात, तपासणी आटोपल्यावर दवाखान्यात आल्या आणि पायरीवर घेरी येऊन बसल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. वॉचमननं साखरपाणी दिलं, डॉक्टरांनी बघितलं, तसं काही बिघडलं नाही. पण विचारल्यावर इंदूबाई एकच सांगत राहिल्या, मोबाइलवर असंच लिहिलंय. "तमारी मराठीए माजीने भूख्यां राख्यां," काका म्हणाले, म्हणजे आमच्या मराठीनं म्हातारीला उपाशी ठेवलं. पुढच्या शिबिरापर्यंत बघू, पुन्हा असा एक जरी घोळ झाला तर मराठी पान बंद.

बाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पान उघडलं. लिहिलं होतं: 'तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी या.' मी दहा वेळा वाचलं. "यात काय चुकलंय? म्हातारीनंच काहीतरी ऐकलं असेल," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"तिच्यावर नको ढकलू," बाई म्हणाल्या. "उठ, तिच्याकडं जाऊ."

कडोदऱ्याच्या लूमच्या खोल्यांमागं इंदूबाईंचं घर. आत शिरलो तर त्या एकदम बऱ्या होत्या, उलट आम्हालाच च्या प्या म्हणून मागं लागल्या. बाई त्यांच्याशी अहिराणीत बोलायला लागल्या आणि इंदूबाईंचा चेहरा खुलला. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, म्हणून सून मोबाइलवर वाचायची आणि त्या ऐकायच्या. बाई सुनेला म्हणाल्या, "तशीच वाच बरं, सासूला वाचून दाखवलंस तशी." आणि ओठ चिमटीत धरून बसल्या.

सुनेनं पान उघडलं. तिचे डोळे मराठी वाचत होते, पण तोंडातून घरची भाषा येत होती. "तपासनीले सकाय उपाशीपोटी येवानं," तिनं सांगितलं.

"मंग मी सकाय उनू ना!" इंदूबाई म्हणाल्या. "दिनभर काहीच खादं नही. सून कामवरथीन उनी, मंग तिनासंगे गयू. मनं काय चुकनं?"

बाईंची बोटं ओठांवरून गळून पडली.

मला त्यांनीच नंतर समजावलं. अहिराणीत 'सकाय' म्हणजे सकाळ, आणि 'सकाय' म्हणजेच उद्या. इंदूबाईंनी ऐकलं ते असं: उद्या उपाशीपोटी या. मग त्या दुसऱ्या दिवशी आल्या, उपाशीपोटी आल्या. सून दुपारी कामावरून सुटली तेव्हा आल्या. पानात सांगितलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं.

बाईंनी इंदूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुनं काहीच चुकनं नही, माय. मनं चुकनं." इंदूबाई गोंधळून बघत राहिल्या आणि परत च्या प्या म्हणाल्या. आम्ही चहा प्यालो.

रिक्षात बसल्यावर बाईंना हसू फुटलं. हसता हसता त्या रडायला लागल्या. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. "अगं, माझ्या घरात रोज हा शब्द आहे. माझी सासू म्हणते, नवरा म्हणतो, मी म्हणते! आणि लिहायला बसले की मला तो ऐकूच आला नाही. शुद्ध लिहायला शिकले ना मी, पोरी. इतकी शिकले की माझ्या मायचा शब्द मलाच ऐकू येईना." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतका वेळ मी म्हातारीला मनात शिव्या घालत होते, त्या सगळ्या परत घेतल्या.

बाई फार वेळ रडणाऱ्यातल्या नव्हत्या. पर्वत पाटिया येईपर्यंत त्यांनी डोळे पुसले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. "गुजराती काले म्हणजे उद्या. मराठी काल म्हणजे होऊन गेलेला. आपली पोरं शाळेत गुजराती बोलतात, ती घरी येऊन 'मी काल जाणार' म्हणतात. अहिराणी सकाय म्हणजे उद्या. अरे देवा! या सुरतेत आज सोडला तर कुठल्याच दिवसाचा भरवसा नाही!" रिक्षावाला खो खो हसला. तो बिहारचा होता, पण त्यालाही पटलं.

मग बाईंनी ते पान नव्यानं लिहिलं. या वेळी टेबलांच्या मधे चालत नाही. मला समोर बसवलं, कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसल्या. म्हणाल्या, "आपण समजतो एक माणूस पान वाचतो. तसं नसतंय. एक वाचतो आणि दुसरा ऐकतो, आणि आजारी असतो तो ऐकणारा." सकाळी, उद्या, काल, परवा, सगळे शब्द त्यांनी काढून टाकले. त्यांच्या जागी वार घातले. सोमवार सगळ्यांचा सोमवारच, गुजरातीतही आणि अहिराणीतही. पान असं झालं:

'रविवारी रात्री नेहमीसारखं जेवा. सोमवारी उठल्यावर काही खाऊ नका, चहाही नको. पाणी चालेल. सोमवारी सूर्य वर येतो तेव्हा, सात वाजता, दवाखान्यात या. सात वाजता जमत नसेल तर घरी जेवा आणि पुढच्या सोमवारी या.'

शेवटचं वाक्य इंदूबाईंसाठी होतं. मी म्हटलं, "बाई, सूर्य कशाला? सात लिहिलंय की." बाई म्हणाल्या, "सात दोनदा वाजतात, सूर्य एकदाच उगवतो." मी सूर्याचं लहानसं चित्र काढलं, साधं, पिवळं. साडीवर असतं तर मी त्याला किरणं आणि जर घातली असती. बाईंनी ते बघितलं आणि पहिल्यांदा माझ्या चित्रातलं काही काढायला सांगितलं नाही.

पुढच्या शिबिराच्या सोमवारी आम्ही दोघी उजाडतानाच दवाखान्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. लोक यायला लागले. खानदेशातले, मराठवाड्यातले, ओडिशाकडचे, गुजराती. हातात रिपोर्टांच्या पिशव्या. चौकशीच्या खिडकीशी बसणारी मुलगी तयारीत होती, दर शिबिराला तिचा घसा बसायचा. त्या दिवशी तिच्यापुढं गुजराती आणि हिंदी बोलणारे उभे होते, जेवून यायचं का, कधी यायचं, विचारत. मराठी माणसं सरळ आत जाऊन बाकावर बसत होती. त्यांना काही विचारायचंच नव्हतं. बाईंना ते बघवेना, म्हणजे सुखानं. "मी जरा आत बसते," म्हणून त्या गेल्या.

रमणकाका खिडकीच्या मागं उभे राहून सगळं बघत होते. बराच वेळ त्यांनी हनुवटी खाजवली. मग मला बोलावलं. "बेन क्यां गयां? एमने कहो, मराठी राखजो." मी आनंदानं पळायलाच निघाले, तर त्यांनी परत हाक मारली. जरा संकोचून म्हणाले, "अने सांभळो. गुजराती पानुं पण एवुं ज लखी आपो ने. मराठी जेवुं."

मी धावत आत गेले. गुजराती पान मराठीवरून लिहायचं! सुरतेत! बाई कशा नाचतील हे डोळ्यांपुढं आलं.

बाई एका बाकावर बसल्या होत्या. शेजारी विदर्भातले एक आजोबा, जाड भिंगांचा चष्मा, मोबाइल नाकाला लावलेला. बाईंनी त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण आजोबा त्यांच्यावर चांगलेच तापले होते.

"अवो बाई, च्या पिऊन आल्या का काय तुमी? वाचलं नाई का? इथं सरळ लिवलं हाये ना!"

"नाही हो भाऊ," बाई अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या. "माझं राहूनच गेलं वाचायचं."

"कायले राहते? एवढं साधं लिवलं, त्याले का शाळा शिका लागते? कोणीबी लिवलं असतं असं!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितलं नाही. मी रमणकाकांचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं. आता बाई नोकरी सोडून धुळ्याला लेकीजवळ राहतात, अधूनमधून फोन येतो, पण बाई म्हटलं की मला दिसतात त्या त्या बाकावर, आजोबांच्या बाजूला सरकून बसलेल्या.

"चुकलं माझं, भाऊ," बाई म्हणत होत्या. "वाचून दाखवा ना मला."

आजोबांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला, आणि अडाणी बाईला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करून वाचायला लागले.